चौथी प्रत

नगरच्या सावेडीतल्या ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी साडेचार वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या मालकीणबाईंना जपानमधून कोऱ्या कॅसेटी येतात, हे मला पोस्टमनकडून कळलं.

"साहेब, ह्या बाई करत्यात तरी काय?" त्यानं मला जिन्यात गाठून विचारलं. "परवा जर्मनीचं आलं, आज जपानचं. हलवून बघितलं तर खुळखुळ वाजतंय, वर लिवलंय कोऱ्या कॅसेटी. इतकी वर्षं लायनीत हाय, असं गिऱ्हाईक न्हाई बघितलं."

"टायपिंग शिकवायच्या," मी म्हणालो.

"आता कोन शिकतंय टायपिंग?"

बाईंना मी एकोणिसाव्या वर्षापासून ओळखतो असा माझा समज होता. तो त्या जिन्यात पहिल्यांदा हलला आणि नंतर बराच काळ हलतच राहिला.

बाईंची टंकलेखन संस्था दिल्लीगेटजवळ एका औषधाच्या दुकानावर होती. बाहेरच्या खोलीत बाई टायपिंग शिकवायच्या आणि आतल्या खोलीत त्यांचे यजमान लघुलेखन. यजमानांना सगळे सर म्हणत. बाईही सरच म्हणत. सर सरकारी पत्रं मोठ्यानं सांगायचे आणि मुलं ती उतरवून घ्यायची. त्यांच्या आवाजात कसलाही भाव नसे. बढतीचा आदेश असो की निलंबनाचा, मिनिटाला ऐंशी शब्द म्हणजे ऐंशी. "सांगणाऱ्यानं मजकुरात पडायचं नसतं," असं ते म्हणत.

बाई आमच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसायच्या. मागे बारा मशीनांचा खडखडाट चालू असायचा. त्यातून त्या न वळता म्हणायच्या, "सहा नंबर, करंगळी झोपली." सहा नंबर मी. कळांकडे बघता येऊ नये म्हणून बुटाचं खोकं दोन बाजूंनी कापून आमच्या हातांवर पालथं घातलेलं असे. कुणी तक्रार केली की बाई म्हणायच्या, "बघून काय, कुणीही करील."

आणि कार्बन. एका कागदाखाली तीन कार्बन घालून एकदम चार प्रती काढायला त्या शिकवायच्या. त्याबद्दलचं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "पहिली प्रत साहेबाची, दुसरी फाईलची, तिसरी हरवायची, चौथी आपली." चौथ्या प्रतीत अक्षरांच्या कडा विरघळलेल्या असतात. मजकूर कळतो, पण कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलावं तसा. बाईंना तीच आवडायची. आम्हाला वाटायचं, कार्बनचे पैसे वाचवायला बाई असलं काहीतरी बोलतात.

पुढे मी जिल्हा परिषदेत लिपिक झालो, तालुक्या-तालुक्यांत फिरलो. सरकारनं टायपिंगची परीक्षा संगणकावर नेली, संस्था बंद पडली. बदली होऊन मी पुन्हा नगरला आलो आणि खोली शोधत सावेडीत एका दाराची घंटा वाजवली. आतून दार उघडायच्या आधीच आवाज आला, "सहा नंबर ना? अजून दाबत नाहीस नीट." घंटा मी करंगळीनं वाजवली नव्हती. पण वाद घातला नाही, कारण खोली हवी होती.

बाईंच्या पुढच्या खोलीत सोफ्याच्या जागी अकरा टाईपरायटर होते. बारावा कुठे गेला असं मी विचारलं तर म्हणाल्या, "परदेशी शिकायला गेला."

हे उत्तर मी विनोदात जमा केलं. पुढच्या दिवाळीत पुण्याहून भाची आली. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, म्हणजे कानांत हेडफोनची बोंडं खुपसून पुस्तकासमोर बसते. सकाळी ती गॅलरीत चहा घेत होती. खालून रोजच्यासारखं काहीतरी वाजत होतं. टाईपरायटरचा तालात खडखडाट, मध्येच ओळ संपल्याची घंटी, खाली संथ ढोलासारखं काही, त्यावर तारेचं एखादं लाडिक वाद्य आणि या सगळ्यामागे एक पुरुष काहीतरी पुटपुटतोय. मी ते तीन महिने ऐकत होतो आणि बाईंचा पंखा बिघडलाय असं समजत होतो. भाचीनं कानातली बोंडं काढली. तिच्या हातातला कप तिरका झाला.

"मामा, हे खाली कुणी लावलंय?"

"मालकीणबाई. का?"

"ही चौथी प्रत आहे! मामा, ही 'चौथी प्रत' आहे!"

मग तिनं मला समजावलं. या प्रकाराला लोफाय हिपहॉप म्हणतात. मंद ठेका, मुद्दाम धूसर ठेवलेला आवाज. पोरं हे लावून अभ्यास करतात किंवा अभ्यास करतोय असं समजतात. मोठमोठ्या ॲपांवर याचा इतका ढीग झाला की त्यातलं माणसानं केलेलं कुठलं आणि यंत्रानं पाडलेलं कुठलं हे कुणाला सांगता येईना. मग काही करणारे आणि काही ऐकणारे तिथून उठूनच गेले. आता ते एकमेकांना कॅसेटी पाठवतात, पत्रं लिहितात, कुणी घरातून चिमुकला रेडिओ चालवतं. त्या लोकांत 'चौथी प्रत' नावाच्या कुणाची तरी फार चर्चा असते. ती व्यक्ती कुठल्याच ॲपवर नाही. तिच्या कॅसेटीसाठी लोक वर्षभर थांबतात. ती कोण हे कुणालाच माहीत नाही. बहुतेकांचं मत ती फिनलंडची असावी असं आहे.

"आमच्या बाई," मी म्हणालो, "अडुसष्ट वर्षांच्या आहेत. बेलापूरच्या."

भाची दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली. मीही गेलो. बाईंनी दार उघडलं आणि तिच्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "कोरी कॅसेट आणलीय?"

बाईंचा व्यवहार असा होता : एक कोरी कॅसेट पाठवा, एक भरलेली घ्या. नगरमध्ये कोरी मिळत नाही आणि पैसे घेतले की पावती आली, म्हणून ही रीत. "पूर्वी दुकानात कॅसेट देऊन गाणी भरून घ्यायचो ना आपण?" त्या म्हणाल्या. "तेच. फक्त गिऱ्हाईक लांबचं आहे." प्रत्येक कॅसेटीबरोबर त्या टाईप केलेली चिठ्ठी घालत. तीत दोनच कलमं होती. मोबाईलवर चढवू नये. आणि शेजाऱ्याला ऐकू गेलं तर त्यालाही आत बोलवावं.

याची सुरुवात बाराव्या टाईपरायटरपासून झाली होती. एक जुना विद्यार्थी परदेशात नोकरीला होता. तिथे झोप लागत नाही, क्लासचा खडखडाट आठवतो म्हणून त्यानं बाईंकडून ते मशीन मागवलं. बाईंनी सोबत क्लासच्या आवाजाची एक कॅसेट भरून दिली. त्याच्या खोलीत राहणारा मुलगा असली गाणी करणारा निघाला. त्यानं परतभेट म्हणून बाईंना एक पेटीएवढं यंत्र पाठवलं. त्यावर सोळा रबरी कळा; कुठलाही आवाज आत भरायचा आणि कळ दाबून वाजवायचा.

"सोळाच कळा," बाई भाचीला म्हणाल्या. "मला आधी वाटलं, अर्धं मशीन पोस्टात राहिलं."

यंत्रावर बुटाचं खोकं पालथं होतं. त्या खोक्याखाली हात घालूनच वाजवायच्या. तारेचं वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्यालाही टाईपरायटरसारख्याच कळा असतात, त्यामुळे ते वेगळं शिकावं लागलं नव्हतं. तयार झालेलं गाणं त्या कॅसेटीवर घेत. मग दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरवर त्या कॅसेटीची दुसरी, दुसरीवरून तिसरी आणि तिसरीवरून चौथी. पाठवायची ती चौथी. मधल्या दोन पुसून पुन्हा वापरायच्या. सगळं जग ज्या धूसरपणावर भाळलं होतं, तो बाईंनी कार्बन पेपरवरून उचलला होता.

ज्या बाईनं मला तीस शब्दांच्या परीक्षेत दोनदा नापास होताना पाहिलं, तिची ओसाकात वाट बघतात, ही गोष्ट पचायला जड होती.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. भाचीनं कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणजे फक्त मैत्रिणींना सांगितलं होतं. आधी एका ॲपचा माणूस आला. बाहेर पस्तीस अंशांचं ऊन आणि अंगात कोट. "मॅडम, आज तुम्हाला किती लोक ऐकतात? शंभर? आमच्याकडे कोट्यवधी आहेत."

"ते पत्र लिहितात का?" बाईंनी विचारलं.

"पत्र? नाही, पण लाईक करतात."

"आणि तुमच्याकडे प्रती कशा काढतात?"

"डिजिटलमध्ये प्रत नसतेच, मॅडम. सगळ्या ओरिजिनलच."

बाईंनी त्याच्याकडे परीक्षेला रिबन न घेता आलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "मग चौथी कुठली हे कसं कळणार?" म्हणाल्या. "चहा घ्या आणि निघा. ऊन फार आहे."

त्यानंतर एका सांस्कृतिक प्रतिष्ठानानं सत्कार ठरवला. चौकात बाईंचा फ्लेक्स लागला. त्यात बाई कोपऱ्यात आणि प्रतिष्ठानचे अकरा पदाधिकारी मध्यभागी होते. भाषणं दोन तास चालली. लोफाय हा शब्द प्रत्येक वक्त्यानं वेगळा उच्चारला आणि प्रमुख पाहुण्यांनी तर टाळला. शेवटी बाईंच्या हाती मानपत्र दिलं. त्यांनी ते माईकसमोर उभं राहून शांतपणे वाचलं, पर्समधून लाल पेन काढलं, नऊ ठिकाणी खुणा केल्या आणि प्रमुख पाहुण्यांना परत दिलं. "उद्या दुरुस्त करून आणा," म्हणाल्या. "शाल राहू द्या. ती बरोबर आहे."

इतका सुंदर सत्कार मी पाहिलेला नाही.

या सगळ्या काळात सर घरातच होते. मी राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. व्हरांड्यातल्या लाकडी खुर्चीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत आणि पूर्वीसारखेच नापसंत करत. रोज दुपारी चारला बाई त्यांना आत नेत, दार लावून घेत आणि टेप लावत. सुट्टीच्या दिवशी मला ते वरून ऐकू यायचं. म्हातारा-म्हातारी गाणी ऐकत बसतात, असं मी धरून चाललो होतो. धरून चालणं हा आमच्या खात्याचा मूळ दोष आहे.

मग बेलापूरचं लग्न निघालं. बाईंच्या भाचीचं होतं. सरांना गाडीत घालून त्या चार दिवसांसाठी निघाल्या. जाताना मला किल्ली दिली. "टेबलावर सात पाकिटं आहेत. आत चिठ्ठी घाल, चिकटव आणि पोस्टात टाक. एवढं जमेल ना, सहा नंबर?"

मी दुखावलो. जावक विभागात मी बावीस वर्षं काढली होती.

पाकिटात चिठ्ठी घालताना कॅसेटीवरचं लेबल दिसलं : प्रत ४. टेपरेकॉर्डरशेजारच्या फळीवर त्याच सात क्रमांकांच्या कॅसेटी ओळीनं उभ्या होत्या : प्रत १. जावक विभागाचा नियम जगात कुठेही एकच असतो. मूळ प्रत समोरच्याला, नक्कल आपल्या फाईलला. बाईंचं सगळं तंत्र मी स्वतः ऐकलेलं होतं, हे मला मान्य आहे. पण 'चौथी प्रत' हे मी त्यांच्या संस्थेचं नाव धरलं होतं आणि संस्थेच्या नावाचा तिच्या कामाशी संबंध असतो हे मला नोकरीत कधी आढळलं नव्हतं. शिवाय परदेशातला माणूस पाकीट फोडणार आणि त्याच्या हाती चौथी नक्कल पडणार, नगरबद्दल काय म्हणेल तो? हात आपोआप चालले. सात मूळ प्रती पाकिटांत गेल्या, सात नकला फळीवर आल्या. न बघता काम करायचं मला बाईंनीच शिकवलं होतं.

ते परत आले त्या दिवशी मला सुट्टी होती. सव्वाचारला जिन्यात पावलं वाजली. तीन वर्षांत बाई पहिल्यांदा वर येत होत्या.

"सहा नंबर, पहिल्या प्रती कुठे आहेत?"

"पाठवल्या," मी अभिमानानं म्हणालो. "नकला फाईलला ठेवल्यात."

बाई वरच्या पायरीवर बसल्या. रागावल्या नाहीत. त्याचीच मला भीती वाटली.

"त्यात सरांचा आवाज होता," त्या म्हणाल्या.

गाण्यांमागे पुटपुटणारा पुरुष म्हणजे सर होते, हे मला तेव्हा कळलं. मुलांना घरी सराव करता यावा म्हणून सरांनी पूर्वी पत्रं सांगून कॅसेटी भरल्या होत्या. झटका आल्यावर बाईंनी त्या माळ्यावरून काढल्या तर फितीला बुरशी लागलेली. एकदा लावली की तुटायची. तुटता तुटता जेवढं उतरलं, तेवढं बाईंनी त्या सात गाण्यांच्या पहिल्या प्रतींत घेतलं होतं. यंत्रात नवं भरलं की जुनं पुसलं जाई, त्यामुळे ते दुसरं कुठेच नव्हतं. चौथ्या प्रतीत तो नुसता घुमणारा आवाज होई. पहिल्या प्रतीत शब्द न् शब्द स्पष्ट होता. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं ऐकवा आणि त्याच्यासोबत बोलायला लावा. बाईंनी वाचून पाहिलं, शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी वाचून पाहिलं. सर तोंड फिरवत. स्वतःचा आवाज लागला तेव्हा मात्र ओठ हलवायला लागले. तीन वर्षं रोज चारला. लग्नाला निघायच्या आधीच्या आठवड्यात 'महोदय'मधला 'म' निघाला होता.

"नुसता म," बाई म्हणाल्या. "पण स्वच्छ होता."

मी दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधी पोस्टात होतो. आमचा पोस्टमन सायकलला थैल्या लावत होता.

"गेलं की, साहेब. मुंबईला गेली बी थैली. आता ईमानात आसंल."

"परत मागवता येत नाही का?"

"आवो, ईमानाला काय हात दावून थांबवू?" माझं तोंड बघून तो जरा नरमला. "लई महत्त्वाचं हुतं का?"

बाईंनी सात पत्रं टाईप केली, इंग्रजीत, सरांच्याच धाटणीत : उपरोक्त कॅसेट एका लिपिकाच्या अतिउत्साहामुळे आपणांस चुकीने रवाना झाली असून ती परत करावी, म्हणजे योग्य ती प्रत पाठविण्यात येईल. प्रत्येक पत्राची चौथी प्रत त्यांनी मला दिली, माहितीस्तव.

तोपर्यंत काय, हा प्रश्न होता. बाईंनी चारला धूसर कॅसेट लावून पाहिली. मी दारात उभा होतो. सरांनी मान कलती करून ऐकलं. भिंतीपलीकडे स्वतःच बोलत असल्यासारखं काहीतरी ऐकू येतंय आणि शब्द लागत नाहीत, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी डाव्या हाताचा पंजा खुर्चीच्या दांड्यावर आपटला आणि तोंड भिंतीकडे केलं. ओठ घट्ट मिटलेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाईंनी टेप लावलाच नाही.

"आता राहिलास तू," त्या मला म्हणाल्या. "उद्यापासून सकाळी आठला. डिक्टेशन दे."

"मी? पण बाई, तुमचं ऐकत नाहीत ते माझं..."

"ऑफिसात जाईपर्यंत दुसरं काय करतोस?"

सकाळी आठला सर खुर्चीत, समोर मी, बाजूला बाई मराठी मशीनवर. खडखडाट असल्याशिवाय सरांना क्लास चालू आहे असं वाटत नाही, म्हणून बाई मी सांगेन ते टाईप करणार. हाती सरांचं जुनं पत्रांचं पुस्तक. आता माझ्या आवाजाबद्दल सांगायचं तर आमच्या कार्यालयातल्या प्रत्येक निरोप समारंभाचं सूत्रसंचालन मीच करतो. माझ्या आवाजानं वित्त विभागातली माणसं रडलेली आहेत. तेव्हा कालव्याच्या दुरुस्तीबाबतचं पत्र मी नुसतं वाचलं नाही. त्यात प्राण ओतला.

सरांनी पंजा आपटला.

मी आणखी प्राण ओतला. पंजा आणखी जोरात. बाई न थांबता म्हणाल्या, "मजकुरात पडू नकोस." मी प्रयत्न केला. पण तीस वर्षांची सवय. 'सदरहू' आला की माझा आवाज आपोआप चढतो आणि 'कळावे'ला ओला होतो. रोज सकाळी तेच. मी वाचायचो, बाई टाईप करायच्या, सर आपटायचे. ओठ मात्र एकदाही हलले नाहीत. दहाव्या-बाराव्या दिवशी बाई टाईप करता करता म्हणाल्या, "म विसरले असतील." मी पत्राच्या मध्येच थांबलो. "वाच," त्या म्हणाल्या.

महिना होत आला असेल. कुठल्याशा गावच्या पाणंद रस्त्याच्या मोजणीचं पत्र होतं. शेवटी शेवटी मी आलो, "...तरी सदरहू प्रकरणी आपण जातीने लक्ष घालून..." आणि 'जातीने'वर थोडा थांबलो, टाळ्यांसाठी थांबतो तसा. सर माझ्याकडे बघत होते. त्यांची मान लाल झाली. पंजा आपटला नाही. ओठ उघडले, बाजूला ओढले गेले, आणि आतून, खोल विहिरीतून बादली यावी तसा, खरखरीत आणि पूर्ण शब्द आला :

"गाढवा!"

बाईंची बोटं थांबली. इतक्या वर्षांत ओळीच्या मध्ये थांबलेली मी ती पहिल्यांदा पाहिली. ज्या माणसानं आयुष्यभर निलंबनाचा आदेशही आवाज न चढवता सांगितला, तो थरथरत होता. आपण काय बोललो यापेक्षा आपण बोललो याचाच त्याला धक्का बसलेला दिसत होता.

बाईंनी पदरानं डोळे पुसले की चष्मा, मला सांगता येणार नाही, आणि म्हणाल्या, "वाच पुढे."

"कसं वाचू?"

"असंच. असंच वाईट वाच."

मी वाचलं. त्या सकाळी मी जेवढं वाईट वाचलं तेवढं कुणी वाचलं नसेल. दुसऱ्यांदा तो शब्द आला, तेव्हा जास्त स्पष्ट होता. तेव्हा मला टेपरेकॉर्डरवरचा लाल दिवा दिसला. रोज आठला बाई तो चालू करत होत्या, पहिल्या दिवसापासून. मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आणखी प्राण ओतला असता.

चमत्कार झाला असं म्हणणार नाही. पुढच्या वर्षभरात सरांना पाच-सहा शब्द आले. हळू. नको. चहा. पुन्हा. 'महोदय' शेवटपर्यंत पूर्ण आला नाही. पण बाई स्वयंपाकघरातून "काय हवं?" म्हणून विचारायच्या आणि पुढच्या खोलीतून उत्तर यायचं, हे मी जिन्यात उभा राहून ऐकलेलं आहे.

कॅसेटींपैकी पाच परत आल्या. एकाबरोबर ओसाकाहून पत्र होतं : ही प्रत सदोष असावी, यात सगळं स्पष्ट ऐकू येतं, कृपया नेहमीची पाठवावी. दोन अजून कुठेतरी आहेत. बाईंनी त्यांचा पाठपुरावा सोडून दिला. "तिसरी हरवायचीच असते," म्हणाल्या. "या वेळी पहिली हरवली."

गेल्या वर्षी माझी खर्ड्याला बदली झाली. निघताना बाईंच्या पाया पडलो, सरांच्याही. सरांनी मला काय म्हटलं ते सांगायला नको. दोन महिन्यांनी रजिस्टर्ड पोस्टानं एक कॅसेट आली, आत चिठ्ठी आणि कोरी कॅसेट उलटटपाली पाठवावी अशी सूचना. लेबलावर नवीन क्रमांक आणि खाली 'प्रत ४'. ती वाजवायला किल्ल्याजवळच्या एका दुकानदाराकडून जुना टेपरेकॉर्डर उसना आणला.

मंद ठेका. मशीनचा खडखडाट. बुलबुलतरंग. मागे कुणीतरी एक पत्र वाचतंय, फार भावनेनं, पण शब्द लागत नाहीत. तो मी. मग खडखडाट अचानक थांबतो, घंटी न वाजता, आणि त्या शांततेत एक जाडाभरडा आवाज काहीतरी एकच म्हणतो. पुन्हा ठेका.

भाची सांगते, ही कॅसेट त्या लोकांत सगळ्यांत गाजली. तो एक शब्द काय आहे यावर फार चर्चा झाली. कुणी म्हणालं मंत्र असावा, कुणी म्हणालं कुणाचं तरी नाव. एकानं बाईंना थेट पत्र लिहून विचारलं. बाईंनी त्याला दिलेल्या उत्तराची चौथी प्रत माझ्याकडे आहे : सदर उच्चार हा संस्थेच्या एका माजी विद्यार्थ्यास उद्देशून केलेला शेरा असून, तो गोपनीय आहे.

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालात दरवर्षी 'चांगला' असं लिहून आलं. लिहिणाऱ्यांपैकी एकानंही माझं काम कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. खर्ड्यात संध्याकाळी मी ही कॅसेट लावतो. खिडकी उघडी ठेवतो आणि ऐकू गेलेल्या शेजाऱ्यांना आत बोलावतो, कारण तसं कलम आहे. तो शब्द येतो तेव्हा ते माझ्याकडे बघतात आणि विचारतात, काय म्हणाले हो ते?

मी सांगत नाही. मला तो स्वच्छ ऐकू येतो.